डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंच्या बाबतीत या चुका टाळा

सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे डोकं ठीक, हे नाशिकच्या मैदानांवर इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. तो स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर बघायला असतो, कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदू हादरतो तेव्हा, बहुतेक वेळा साफच येतो कारण बिघाड पेशींच्या कामात असतो. आणि पोरगं बेशुद्ध पडलंच पाहिजे असंही नाही, बहुतेक जण पडत नाहीत.

पंचवटीतल्या एका रेडरचं सांगतो. चढाईत गुडघा कानशिलावर बसला, स्कॅन नॉर्मल, दुसऱ्या दिवशी सेमीफायनल म्हणून संघवाल्यांनी त्याला उतरवला, त्याच सीझनमध्ये तो परत आपटला. पुढे काही महिन्यांनी आई सांगायला लागली की हा चिडतो, रात्री झोपत नाही, पाठ केलेलं राहत नाही. सगळे म्हणाले दहावीचं टेन्शन. न्यूरोलॉजिस्टनी पहिलं विचारलं, आधी कसा होता, मार किती वेळा लागला? कोणाकडेच काही लिहिलेलं नव्हतं!

म्हणून मी वही ठेवतो. सीझनच्या आधी प्रत्येकाला शब्द आठवायला लावतो, महिने उलटे म्हणायला लावतो, तोल बघतो, आणि नंतर लागलेला प्रत्येक मार तारखेसकट लिहितो, चक्कर आली नसली तरी, कारण छोटे छोटे मारही साठत जातात. दर महिन्याला आईला फोन करतो, पोरगं कोचला खरं सांगत नाही, त्याला खेळायचं असतं. अॅपवर दोन मिनिटांत टेस्ट उरकणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण शॉर्टकट नाहीये.

स्कॅट ६, म्हणजे कन्कशन तपासायचा ठरलेला फॉर्म, मार लागल्यावर पहिल्या तीन दिवसांत कामाचा, सहा महिन्यांनी तोच करून निर्धास्त होऊ नका.

हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडू नका, एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू चालणं.

आता दुसरं टोक. नेटवर वाचून पोराला सीटीई (डोक्याला वारंवार मार लागून होणारा मेंदूचा आजार) झालंय असं घाबरवणारे पालक. सीटीईमध्ये टाऊ नावाचं प्रोटीन मेंदूत साचतं, पण पक्कं निदान अजून तरी मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. अमेरिकन फुटबॉलपटू माईक वेब्स्टर २००२ मध्ये गेला, तेव्हा डॉ. बेनेट ओमालूंना ते त्याच्या मेंदूत सापडलं. जिवंतपणी डॉक्टर फक्त शंका नोंदवू शकतात. तीच चिडचिड, तेच विसरणं डिप्रेशनमुळे, अपुऱ्या झोपेमुळे, थायरॉइडमुळेही होतं आणि त्यावर उपचार आहेत, तेव्हा ते आधी तपासून घ्या.