पहिली मोटारसायकल: गाडी साधी घ्या, पुढचा ब्रेक नीट शिका

पहिली गाडी १०० ते १२५ सीसीचीच घ्या. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, यातली कुठलीही चालेल. गावातल्या मेस्त्रीला जिचं काम येतं आणि जिची क्लचवायर फाट्यावरच्या दुकानातही मिळते, ती गाडी चांगली. या गाड्या १०० ते १२० किलोंच्या आसपास असतात, मुरमात कलंडली तरी एकट्याला उचलता येते. ३५० सीसीची बुलेट १९० किलोंच्या पुढे जाते. ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. "सवय होते" असं शोरूममध्ये सांगतात, ते ऐकू नका. शोरूमची फरशी सपाट असते, आपल्या रस्त्यांची साइडपट्टी मात्र जागोजागी वीतभर खचलेली. चवड्यांवर तोललेल्या माणसाचा पाय तिथे जमिनीला पोचतच नाही आणि उभी गाडी आडवी होते.

चार पैसे जास्त असतील तर ते अलॉय आणि स्टिकरवर न घालता पुढच्या डिस्क ब्रेकवर घाला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो) किंवा एबीएस (चाक जाम होऊ देत नाही) आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर यातलं बहुधा काहीच नसेल, हे धरून चाला. जुनी घेताना चेसिस नंबर आरसीशी जुळवा आणि फायनान्सचा बोजा उतरलाय का बघा. गाडी मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय.

लायसन्स: वय १८ पूर्ण, सारथी पोर्टलवर (परिवहन खात्याची वेबसाइट) अर्ज, शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. हेल्मेट आयएसआय मार्कचं, तोंड पूर्ण झाकणारं, पट्टा लावलेलं. मे महिन्याच्या उन्हातही ते डोक्यावरच हवं, आरशाला अडकवलेलं नको.

क्लच

सरावाची जागा मोंढ्याचं (धान्यबाजाराचं) आवार, बाजार नसेल त्या दिवशी. पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका आणि क्लच इतका सावकाश सोडा की गाडी आपणहून पुढे सरकेल. सरकली की हात तिथेच थांबवा, मग पुन्हा दाबा. असं तीसेक वेळा केलं की ती जागा हाताला कळते. गिअरची दिशा गाडीगणिक वेगळी असते, ती आधी बघून घ्या.

पुढचा ब्रेक

"पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." गावोगाव शिकणाऱ्याला पहिला सल्ला हाच मिळतो, आणि तो घातक आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि बसणाऱ्याचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्याला दाबलं जातं, त्याची पकड वाढते, मागचं हलकं होतं. म्हणून नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक जाम होऊन फरपटत जातं, गाडीचं बूड आडवं होतं आणि थांबायला जवळपास दुप्पट जागा लागते. कोरड्या डांबरावर थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचंच चाक करतं.

माणसं पडतात ती पुढचा ब्रेक वापरल्याने नव्हे, झटक्याने वापरल्याने. वजन पुढे यायच्या आत लिव्हर आवळला की हलकं असलेलं चाक जाम होतं. म्हणून ब्रेक दोन टप्प्यांत लावायचा. आधी दोन बोटांनी लिव्हरची ढिलाई काढा आणि हलका दाब द्या. पुढचे शॉकअप खाली बसल्याचं जाणवेल. तो बसला की मगच दाब वाढवत न्या. मधलं अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी असतं, पण ते गाळायचं नाही. मागचा ब्रेक सोबत, हलका. क्लच अगदी शेवटी, गाडी बंद पडायच्या बेतात आल्यावर. आधीच दाबला तर इंजिनाचा रोध जातो.

दोन चुका हमखास होतात. एक, मनगट वर उचललेलं असतं, त्यामुळे लिव्हर ओढताना रेसही पिळली जाते. मनगट खाली ठेवा. दुसरी, हँडल वळवलेलं असताना ब्रेक. वळलेलं चाक जाम झालं की गाडी तिथल्या तिथे आपटते. आधी हँडल सरळ, मग ब्रेक. चाक जाम झालंच तर लिव्हर लगेच सोडा आणि पुन्हा हळू दाबा. एबीएस असेल तर मात्र सोडायचं नाही, दाबून धरायचं.

सराव असा: जागा आधी झाडून घ्या, हरभऱ्याचे दाणेसुद्धा चाक घसरवतात. चुन्याची रेघ मारा. २०च्या वेगाने या, रेघेवर ब्रेक लावायला सुरुवात करा, कुठे थांबलात तिथे वीट ठेवा. दहा वेळा. मग ३०, मग ४०. नीट जमलं की ४०च्या वेगाला साधारण १२ मीटर लागतात. ६०ला २८ मीटर, तेही ब्रेक लागल्यानंतरचे. बघून हात हलेपर्यंतचा एक सेकंद आणखी १७ मीटर खातो. रेघेपासून विटांपर्यंतचं अंतर मोजल्याशिवाय हायवेला जाऊ नका.

जिथे ब्रेक लावायचाच नाही

ऑक्टोबरात रस्त्यावर पसरलेलं सोयाबीन, गाळप हंगामात सांडलेलं पाचट आणि उसाची कांडकी, पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या रानाचा चिखल. या तिन्हींवर पकड जवळजवळ नसते. वेग सगळा अलीकडे, कोरड्या डांबरावर मोडा. आत गेल्यावर हँडल सरळ, रेस एकसारखी, ब्रेकवरचा हात आणि पाय दोन्ही मोकळे. रात्री उसाच्या ट्रॉल्यांना अनेकदा मागे दिवा नसतो. डिपरच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. घाटात उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका, तिथे इंजिनाचा रोध ब्रेकइतकाच कामाचा असतो.

डबलसीट

पक्कं लायसन्स हाती आल्यावरच. मागच्या टायरची हवा स्टिकरवर डबलसीटसाठी लिहिलेली असते तेवढी भरा आणि मागे माणूस बसवून पुन्हा त्याच रेघेवर, २०च्या वेगापासून, विटा मांडत या. वीट पहिल्यापेक्षा कुठे पडते ते बघा आणि पुढच्या गाडीपासून अंतर त्या हिशोबाने वाढवा.