महामार्गालगतच्या गावाने सुरक्षित रस्त्याची मागणी कशी करावी

गोव्यात पत्रादेवीहून पोळेपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि पणजीहून फोंडा, मोलेमार्गे अनमोड घाट चढणारा महामार्ग ७४८ अनेक गावांच्या मधून जातात. घर एका बाजूस आणि शाळा, देऊळ किंवा शेत दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती चौपदरीकरणानंतर अधिक बिकट झाली, कारण रस्ता रुंदावला, वाहनांचा वेग वाढला आणि दुभाजकामुळे जुन्या वाटा तुटल्या. एखादा बळी गेला की ग्रामस्थ रस्ता रोखतात, अधिकारी येऊन आश्वासन देतात, चार दिवस बॅरिकेड उभे राहतात आणि पुढे विषय मागे पडतो. रस्ता रोखण्यामागचा संताप रास्त असला तरी त्यातून सरकारी फाइलमध्ये काहीच उरत नाही. फाइल पुढे सरकते ती मोजमाप, ठराव आणि योग्य कार्यालयाच्या पत्त्यावर गेलेला अर्ज यांमुळे.

सर्वप्रथम गावाने अपघातांची स्वतःची नोंदवही ठेवावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१५ च्या निकषानुसार महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात लगतच्या ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, अथवा एकूण १० मृत्यू झाले, तर तो टप्पा अपघातप्रवण क्षेत्र ठरतो. ही मोजणी पोलिसांच्या नोंदीवर होते. गावात मात्र बरेचसे अपघात जागच्या जागी मिटवले जातात. दुचाकीवाला उठतो, हात मोडलेला असतानाही नातेवाइकांच्या गाडीतून इस्पितळात जातो आणि तक्रार होत नाही. असा अपघात हिशेबात येत नाही. म्हणून जखमीला उपचार मिळाल्यावर पोलीस ठाण्यात नोंद होते की नाही, हे पंचायत सदस्यांनी आवर्जून पाहावे. नोंदवहीत तारीख, वेळ, नेमकी जागा, वाहनांचा प्रकार, पाऊस होता की काळोख आणि अपघात थोडक्यात टळल्याचे प्रसंगही लिहावेत. जागा सांगताना ‘देवळाजवळ’ असे न लिहिता जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा आणि मोबाइलवरील अक्षांश-रेखांश द्यावेत.

यानंतरचे काम प्रत्यक्ष मोजणीचे असून बहुतेक निवेदनांत नेमके तेच नसते. रस्त्याच्या कडेला, डांबरापासून पुरेसे दूर, ५० मीटर अंतरावर दोन खुणा ठरवाव्यात. विजेचे दोन खांब सोयीचे पडले तर त्यांमधील अंतर टेपने मोजून घ्यावे. वाहन पहिली खूण ओलांडताच मोबाइलवरील घड्याळ सुरू करावे आणि दुसऱ्या खुणेला थांबवावे. १८० ला आलेल्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो: ३ सेकंद लागले तर वेग ६०, २ सेकंद लागले तर ९०. हाताने केलेल्या मोजणीत थोडी चूक राहते, त्यामुळे एका वाहनावर विसंबू नये. शाळा सुटण्याची वेळ, संध्याकाळ आणि रात्र अशा वेगवेगळ्या वेळी पुष्कळ वाहने मोजावीत. हे काम किमान दोघांनी करावे आणि मुलांना त्यात उभे करू नये.

वेगाइतकेच महत्त्व दृष्टिअंतराला आहे. प्रत्येकी ३.५ मीटरच्या दोन मार्गिका, म्हणजे ७ मीटर, ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाला जवळजवळ ६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन १३० मीटर पुढे येते. ज्या जागेवरून लोक रस्ता ओलांडतात तेथे उभे राहून वळणावरून येणारे वाहन प्रथम किती अंतरावर दिसते ते मोजावे. ते ९० मीटरच असेल, तर त्या वेगात पादचाऱ्याने कितीही सावधगिरी बाळगली तरी ती अपुरी ठरते, आणि हे गणित कोणत्याही अभियंत्याला मान्य करावे लागते. हीच तपासणी एकदा खाली वाकून, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून करावी. दुभाजकावरील कण्हेर किंवा बोगनवेल मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत असते; तिच्याआड पहिलीतले मूल पूर्ण झाकले जाते.

येथे गावाने स्वतःकडेही पाहावे. तिठ्यावर दृष्टी अडवणारा गाडा, फलक किंवा कुंपण पुष्कळदा पंचायतीच्याच परवानगीने किंवा डोळेझाकीने उभे असते. अर्ज करण्यापूर्वी ते हटवले, तर समोरच्या कार्यालयाला बोट दाखवायला जागा उरत नाही.

माहिती जमल्यावर ग्रामसभेत ठराव मांडावा आणि तो इतिवृत्तात शब्दशः आला आहे याची खात्री करून सचिवांकडून प्रमाणित प्रत घ्यावी. ठरावात उपाय सुचवताना सावध राहावे. ‘गतिरोधक घाला’ ही मागणी सर्वांना सुचते आणि तीच सर्वप्रथम फेटाळली जाते, कारण राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक न घालण्याचे केंद्राचे धोरण आहे. त्याऐवजी समस्या आकड्यांसह मांडून ‘वेग कमी करण्याची योग्य उपाययोजना’ मागावी. त्यात आडवे जाड पट्टे अर्थात रम्बलर, वेगमर्यादेचे फलक, लुकलुकणारे दिवे, परावर्तक, बसथांब्यासाठी वेगळी जागा हे लवकर होण्याजोगे उपाय एका परिच्छेदात आणि सेवा रस्ता, भुयारी मार्ग, सिग्नल हे खर्चिक उपाय दुसऱ्या परिच्छेदात लिहावेत, म्हणजे भुयारी मार्गाच्या निधीअभावी रंगाचे पट्टेही अडकून पडणार नाहीत. पथदीप मागताना त्यांचे वीजबिल आणि देखभाल कोणाकडे राहील, हेही लेखी विचारावे.

गोव्यातील राष्ट्रीय महामार्गांची बरीचशी कामे सार्वजनिक बांधकाम खात्याचा (साबांखा) राष्ट्रीय महामार्ग विभाग पाहतो, तर काही कामे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात. आपला टप्पा कोणाकडे आहे ते आधी विचारून घ्यावे. अर्ज त्या कार्यालयाच्या कार्यकारी अभियंत्याला किंवा प्रकल्प संचालकाला, आणि प्रती वाहतूक पोलीस, वाहतूक खाते व जिल्हाधिकारी यांना द्याव्यात. जिल्हाधिकारी हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात. समितीच्या पुढील बैठकीत विषय घ्यावा आणि गावाच्या प्रतिनिधीला बोलवावे, अशी स्पष्ट विनंती त्यांच्या पत्रात असावी. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. संयुक्त पाहणी ठरल्यास ती दुपारच्या शांत वेळी न होता शाळा सुटताना व्हावी, असा आग्रह धरावा.

उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ उपयोगी पडतो. शुल्क १० रुपये असून साधारणतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण कारणे शोधून देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. त्या टप्प्याच्या रस्ता सुरक्षा परीक्षणाचा अहवाल, तिठ्याचा मंजूर आराखडा, दोषदायित्वाच्या मुदतीचा, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीचा, उल्लेख असलेली कंत्राटाची पाने आणि आपल्या अर्जावरील टिप्पण्या यांच्या प्रती मागाव्यात. परीक्षणात दाखवलेली त्रुटी तशीच राहिलेली आढळली, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ चा उल्लेख पुढच्या पत्रात जरूर करावा. रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल यांची ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

उपाय झाल्यावर त्याच दोन खुणांमधून, त्याच वेळांना वेग पुन्हा मोजावा आणि फरक पडला नसेल तर दोन्ही तक्ते जोडून तसे कळवावे. पावसाळ्यानंतर पट्टे पुसट होतात आणि हॉटमिक्सचा नवा थर पडला की रम्बलर त्याखाली गाडले जातात. त्यामुळे डांबरीकरणाचा आदेश निघताच पट्टे व फलक पूर्ववत करण्याचे काम त्याच निविदेत आहे का, हे पंचायतीने लेखी विचारून घ्यावे.