पहिला स्वतंत्र चित्रपट: शूटिंगआधीच उरकायची कामं

पैशांअभावी सेटवर बंद पडलेले चित्रपट थोडे. एडिट होऊन हार्ड डिस्कमध्येच पडून राहिलेले बरेच. कुठल्यातरी गाण्याचा करार नसतो, नाहीतर साउंड मिक्सला, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाज जुळवून एकत्र करायला, पैसे उरलेले नसतात. या अडचणींवरचा इलाज शूटिंगच्या आधीच करावा लागतो.

पहिलं काम मालकीचं. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं नाव तिथे येत नाही. मित्राने पैसे घातले आणि कागदावर निर्माता म्हणून त्याचंच नाव लागलं, तर चित्रपट कुठे पाठवायचा हे तोच ठरवणार. म्हणून सहनिर्माते व्हा, वाटा टक्क्यांत लिहून घ्या. लेखक आणि संगीतकाराशी करार करताना मुदत आणि प्रदेश हे दोन रकाने रिकामे ठेवू नका. कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. चित्रपटाचे हक्क विकून देणाऱ्या परदेशी सेल्स एजंटसमोर असा कागद काही कामाचा नाही. पात्राच्या मोबाइलवर वाजणाऱ्या जुन्या गाण्यालाही परवानगी लागते, तेव्हा ते पटकथेतूनच काढलेलं बरं.

गावाकडची गोष्ट असेल तर बैल, शेळ्या, कोंबड्या आल्याच. कथेसाठी मुद्दाम वापरलेल्या जनावरांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढायची असते, आणि सेन्सॉरकडे जाताना मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र जोडायचं असतं. हे मागाहून निस्तरायला गेलात तर चांगला जमलेला प्रसंग कापावा लागू शकतो.

बजेटचा एक तृतीयांश भाग पोस्टसाठी, म्हणजे शूटिंगनंतरच्या एडिट-साउंडच्या कामांसाठी, वेगळ्या खात्यात टाका. 30 लाख असतील तर शूटिंगला 20 लाखच आहेत असं समजून दिवस आखा. दोन दिवस पाऊस लागला की हात आधी याच पैशांकडे जातो.

साउंडबाबत तर हट्टीच व्हा. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना जागच्या जागी थांबवून 30 ते 60 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवादातला खोकला कापला की तिथे पोकळी राहते आणि ती त्याच खोलीच्या आवाजाने भरावी लागते. दुसऱ्या खोलीची शांतता लगेच कानाला टोचते. फ्रीजची घरघर नको म्हणून तो बंद केलात, तर गाडीची किल्ली आत ठेवा. फ्रीज पुन्हा सुरू केल्याशिवाय युनिट हलणार नाही, आणि घरमालकाचं दूधही नासणार नाही.

कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेम्सवर ठेवा. थिएटरला जी डिजिटल प्रत जाते, त्या डीसीपीचा रुळलेला वेग तोच आहे. 25 वर शूट करून 24 वर उतरवलं तर लांबी सुमारे चार टक्क्यांनी वाढते, आणि दुरुस्ती केली नाही तर आवाजही खाली उतरतो.

रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा आराखडा, झाला की घाईने मिक्सिंगला जाऊ नका. दर नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आताचं नाव वेव्हज फिल्म बाजार) भरतो. त्यात अपुऱ्या चित्रपटांसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असते. तिथे रफ कटच घेतात, अनुभवी एडिटर आणि महोत्सवांचे लोक तो पाहून सल्ला देतात. तोवर गावात कौतुकाचा जाहीर खेळ लावू नका. मोठे महोत्सव वर्ल्ड प्रीमियर (जगातला पहिला जाहीर खेळ) किंवा इंटरनॅशनल प्रीमियर (देशाबाहेरचा पहिला) मागतात आणि वर्ल्ड प्रीमियर एकदाच होतो. पाठवायची लिंक पासवर्डची हवी, कोपऱ्यात वॉटरमार्क हवा.

इंग्रजी सबटायटल्स एडिट लॉक होण्याआधीच, म्हणजे कापाकापी कायमची ठरण्याआधीच, करून पाहा. दोन ओळी, ओळीत साधारण 40 अक्षरं, एवढीच जागा मिळते. भांडणानंतर बायको नवऱ्याला ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणू लागली, हा आपल्याला लगेच कळणारा दुरावा इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च राहतो. मग तो अर्थ चेहऱ्यावरून पोचवावा लागतो. त्यासाठी नवऱ्याच्या प्रतिक्रियेचा शॉट दोन सेकंद जास्त धरायला हवा, आणि लॉक झालेल्या एडिटमध्ये ती जागा काढायची तर मिक्सही पुन्हा उघडावं लागतं.