वर्ग करताना मधलं पद गिळलं

फोंड्याला भाचीला गणित शिकवताना मीच आपटलो. उदाहरण साधं: √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग करताना उजवीकडे क्ष² + २५ लिहून मोकळा झालो. विवेचक (वर्गसमीकरणाला वास्तव उत्तर आहे की नाही ते सांगणारी संख्या; ऋण आली तर नाही) आला −७१!

"मामा, उत्तरच नाही?"

बाहेर धो धो पाऊस, त्यात वीज गेलेली. चूक दिसली ती मेणबत्तीच्या उजेडात. वर्ग सुट्या पदांचा नाही, कंस घालून अख्ख्या बाजूचा: (क्ष − ५)² = क्ष² − १०क्ष + २५. मग क्ष² − ११क्ष + १८ = ०, म्हणजे क्ष ९ किंवा २.

भाची वही मिटायला निघाली. थांबवलं. किमती मूळ समीकरणात घातल्या: ९ ला ४ = ४, जमलं. २ ला ३ = −३, बाद! वर्गात वजाचं चिन्ह पुसलं जातं, म्हणून हा आगंतुक घुसला होता.