सिंथ घेताय? आधी आवाज बंद करा आणि नुसत्या पट्ट्या दाबून बघा

सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, ट्राय करायला बसलं की पहिलं काय करतो आपण, हेडफोन लावतो, एखादा मोठ्ठा पॅड (लांब पसरणारा आवाज) लावतो, एक कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरतो आणि खलास. इथेच माणूस फसतो. आवाज भारी असला की हाताला काय लागतंय इकडे लक्षच जात नाही. म्हणून व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि पाच मिनिटं मुक्यानेच वाजवा, कोणी वेड्यासारखं बघितलं तर बघू दे.

एक पांढरी पट्टी पुढच्या कडेला हळूच दाबा. आता तीच पट्टी मागे, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे दाबा. किती जड झाली? पट्टी म्हणजे शेवटी सी-सॉ, बिजागरीच्या जितकं जवळ दाबाल तितका जोर जास्त लागणार. पियानोत ही बिजागरी दिसणाऱ्या पट्टीच्या बरीच आत असते, त्यामुळे पुढे-मागे दाबलं तरी फार फरक जाणवत नाही. बऱ्याच सिंथमधे मात्र ती पट्टी संपते तिथेच जवळपास असते, मग जास्त काळ्या पट्ट्यांचे कॉर्ड धरताना अंगठा आत गेला की तीच नोट दबत नाही किंवा बारीक वाजते आणि आपण आपल्याच बोटांना शिव्या घालतो. माझ्या मते विकत घेण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची टेस्ट हीच, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

आता ॲक्शनचे, म्हणजे पट्ट्यांच्या यंत्रणेचे प्रकार. सिंथ ॲक्शनमधे हलकी प्लास्टिकची पट्टी आणि तिला वर ढकलणारी स्प्रिंग, एवढंच. पटापट लीड (मुख्य धून), ऑर्गन यांना हे मस्त, कारण पट्टी झटकन वर येते. सेमी-वेटेडमधे स्प्रिंग असतेच, वर थोडं वजन किंवा जास्त ताण, पण या शब्दाची पक्की व्याख्या नाही, एका कंपनीचं सेमी-वेटेड दुसरीच्या साध्या पट्टीइतकं हलकं निघू शकतं, त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. हॅमर ॲक्शनमधे आत खरोखरचा छोटा हातोडा उचलला जातो आणि पट्टी मुख्यतः वजनानेच परत येते, ग्रेडेड असेल तर खालचे सूर जड आणि वरचे हलके. पियानो वाजवणाऱ्याला हेच हवं, पण त्यावर ऑर्गनची घसरपट्टी (हात पट्ट्यांवरून सरकवत नेणं) मारून बघा, बोटं सोलून निघतील. त्यासाठी वॉटरफॉल पट्ट्या असतात, पुढे बाहेर आलेला ओठ नसतो, कडा गोल असतात, तळवा आरामात सरकतो. म्हणजे ८८ पट्ट्यांचं वजनदार धूड घेतलं म्हणजे सगळ्यात भारी घेतलं असं काही नाही.

आता व्हॉल्यूम वाढवा. कीबोर्ड तुमचा जोर मोजत नाही, तो वेळ मोजतो. पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत जितका कमी वेळ तितकी व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा वेग) जास्त, मिडीत (डिजिटल वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या भाषेत) हा आकडा १ ते १२७ मधे बसतो. काही हॅमरवाल्या कीबोर्डमधे तिसरा सेन्सर असतो, मग पट्टी पूर्ण वर न येताही तीच नोट परत वाजवता येते. तपासायला एकच सूर दोन बोटांनी पटापट वाजवा आणि पट्टी अर्धीच उचला, नोटा गळतायत का ते लगेच कळेल.

याच्याच पुढची गोष्ट म्हणजे व्हेलॉसिटी कर्व्ह, किती वेगाला किती आकडा द्यायचा ते ठरवणारं सेटिंग, आणि इथे मी स्वतः गाढवपणा केलाय. एक कीबोर्ड कित्येक महिने बडवत होतो, मनगट दुखायला लागलं, पट्ट्याच बेकार म्हणून विकायला काढणार होतो. मग सहज सेटिंगमधे गेलो तर कर्व्ह हार्डवर! सॉफ्टवर आणला आणि तेच यंत्र एकदम लोण्यासारखं. म्हणून नोटा रेकॉर्ड करा आणि आकडे बघा, जीव तोडून मारल्यावरही ९०च्या वर जात नसेल तर आधी कर्व्ह बदला. बऱ्याच कंपन्या पट्ट्यांचा पूर्ण सेट इटलीच्या फातारकडून घेतात, तरी आतला सेट तोच असलेले दोन सिंथ वेगळे वाटू शकतात, त्यात या कर्व्हचा मोठा हात असतो.

जुन्या सिंथचं गणित वेगळं. १९७० चा मिनीमूग, १९७८ चा प्रॉफेट-५, १९८४ चा जुनो-१०६, यांच्या पट्ट्यांना व्हेलॉसिटी कळतच नाही, हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तोच. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ ला ती कळते, आणि त्याच्या एफएम (एका लहरीने दुसरी लहर हलवून बनवलेल्या) आवाजात जोरात मारलं की नुसता आवाज वाढत नाही, सूर चरचरीत होतो, त्यामुळे तिथे पट्टीचा फील म्हणजे अर्धा आवाजच.

आफ्टरटच (धरलेली पट्टी आणखी दाबली की आवाज बदलणं) असेल तर कॉर्ड धरून एकाच बोटाने अजून दाबा. सगळे सूर थरथरले तर चॅनेल आफ्टरटच, फक्त तोच थरथरला तर पॉली, यामाहा सीएस-८० मधे होता तसा. दाब हळूहळू वाढतो का बटणासारखा खटकन लागतो तेही बघा, खटकन लागणारा दोन दिवसांत बंद करून टाकाल.

पट्टीची रुंदीपण मोजा, नेहमीच्या मापात एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरतं, मिनी पट्ट्यांवर मोठ्या हाताची बोटं एकमेकांत अडकतात.

जुना घेत असाल तर खालपासून वरपर्यंत एकूण एक पट्टी एकाच जोराने वाजवा. मधेच एखादी १२७ वर किंचाळली किंवा मुकीच राहिली तर बहुतेक खालच्या रबराच्या कॉन्टॅक्टवर धूळ बसलीये, खोलून साफ केलं की बऱ्याचदा ठीक होतं, तेव्हा घाबरून पळू नका, भाव कमी करायला वापरा.