घरच्या सबवूफरला इक्यू लावण्याआधी

डबा हवाबंद आहे, स्क्रू आवळलेत, तारेचं प्लस-मायनस बरोबर आहे, हे धरून चालतो. इक्यूला (कुठल्या हर्ट्झचा आवाज किती वाढवायचा-कापायचा ती सेटिंग) हात लावायच्या आधी काम एकच: सबसॉनिक फिल्टर. म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा हाय-पास. मागच्या खेपेला बूस्ट (खालच्या बासला दिलेली वाढ) झकास बसला, फिल्टर तेवढा राहिला, आणि सिनेमातल्या एका स्फोटाला ड्रायव्हरची, म्हणजे डब्यातल्या स्पीकरची, कॉइल मागच्या प्लेटवर आपटून वाकली. आधी फिल्टर, मग बूस्ट. उलट क्रमाने नाही.

आता मापं. बंद डब्याचा रेझोनन्स (ज्या हर्ट्झला ड्रायव्हर आपसूक डोलतो तो) आणि क्यू (तिथे आवाज किती फुगतो त्याचा आकडा) मोजूनच घ्या, सिम्युलेशनच्या आकड्यावर जाऊ नका. माइक कोनच्या (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मध्यापासून सेंटीमीटरभरावर धरला की खोलीची लुडबुड जवळपास टळते; रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. समजा 45 हर्ट्झ आणि क्यू 0.9 आला, तुम्हाला हवंय 25 हर्ट्झ आणि 0.7. लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म नावाचा इक्यू ते करून देतो, पण किंमत बघा: 25 हर्ट्झलाच साडेसहा डेसिबल बूस्ट, म्हणजे अ‍ॅम्पकडून साडेचारपट वॉट. आणि बूस्ट तिथे थांबत नाही. खाली वाढत वाढत 10 डेसिबलवर स्थिरावतो, दहापट वॉट, तेही जिथून तुम्हाला काही ऐकायचंच नाहीये. बंद डब्यातली हवा ड्रायव्हरला सांभाळते असं जो तो सांगतो. सांभाळते, पण तिप्पट व्होल्टेज दिलंत तर कोन तिप्पट हलणारच. म्हणून फिल्टर: 25 च्या टार्गेटला 18 ते 20 हर्ट्झवर, ऑक्टेव्हला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, 24 डेसिबल कापणारा.

वॉट विकत मिळतात, कोनची हालचाल मिळत नाही. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली हवा असेल तर कोन चौपट हलावा लागतो. 12 इंची ड्रायव्हर, डबा जमिनीवर, एक मीटरवर 100 डेसिबल: 40 हर्ट्झला कोन एका बाजूला जेमतेम 5 मिलिमीटर जातो, 30 ला 8 च्या पुढे, 20 ला 19. एक्समॅक्स (कोन एका बाजूला नीट जाऊ शकतो ते अंतर) 8 मिलिमीटरचा ड्रायव्हर घेऊन 20 हर्ट्झची स्वप्नं बघू नका. आणखी ड्रायव्हर लावा, नाहीतर आवाज कमी ठेवा.

पोर्टवाला (हवेसाठी नळी ठेवलेला) डबा असेल तर ट्यूनिंगच्या, म्हणजे ती नळी ज्या हर्ट्झला जुळवलीय त्याच्या, खाली बूस्ट अजिबात नको. तिथे पोर्टातून हवा नुसती आत-बाहेर करते, कोनला धरून ठेवणारं काही उरत नाही. कानाला काही ऐकू येत नाही आणि कोन मात्र वेड्यासारखा फडफडत असतो. इथे फिल्टर ट्यूनिंगच्या किंचित खाली, आणि तो नसेल तर अ‍ॅम्प चालूच करू नका.

काही प्लेट अ‍ॅम्पमध्ये (डब्यालाच बसवलेल्या अ‍ॅम्पमध्ये) कारखान्यातूनच बास बूस्ट घातलेला असतो. नुसता अ‍ॅम्प मोजून बघा, नाहीतर बूस्टवर बूस्ट चढेल. डीएसपीत (इक्यू करणाऱ्या डिजिटल प्रोसेसरमध्ये) जितका बूस्ट तितकी लेव्हल आधी खाली घ्या, नाहीतर आतल्या आतच क्लिप होईल (लाटेची टोकं कापली जातील) आणि तुम्ही ड्रायव्हरला शिव्या द्याल. प्रीसेट चार असतील तर चारही उघडून बघा. सिनेमाच्या प्रीसेटला फिल्टर आहे आणि गाण्यांच्या प्रीसेटला नाही, हे सर्रास होतं. परत सांगतो, चारही.

खोलीमुळे ठरावीक हर्ट्झला आवाज पडतो, ते खड्डे इक्यूने भरू नका. बसायच्या जागी 50 हर्ट्झला खड्डा असेल तर कितीही बूस्ट ओता, परावर्तन तो खाऊन टाकतं. डबा सरकवा. उंचवटे मात्र खुशाल कापा.

मग हळू आवाजात 100 हर्ट्झपासून खाली स्वीप (सरकत जाणारा सूर), कानांपेक्षा डोळे कोनवर. टक् झालं की लगेच बंद. फिल्टर चालू आहे ना? मुख्य स्पीकरबरोबर पुन्हा मोजा, कारण इक्यूने फेज (लाटेची वेळ) सरकलेली असते. क्रॉसओव्हर (सब आणि मुख्य स्पीकर जिथे काम वाटून घेतात तो हर्ट्झ) 80 पासून सुरू करा, डिले (आवाज पोचायची वेळ) जुळवा. खिडक्या, फोटोफ्रेम वाजतील, ते बघून घ्या. सेटिंगची फाइल लॅपटॉपवर ठेवा. रात्री दहानंतर स्वीप नको.