लुक्ला, जोमसोमचं विमान पकडताय? या चुका टाळा

एव्हरेस्ट बेस कॅम्पचे ट्रेकर लुक्लाला उतरतात, मुक्तिनाथचे यात्रेकरू जोमसोमला, नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरला जाणारे सिमिकोटला. तिन्ही ठिकाणी जाणारी विमानं लहान, साधारण १९ आसनांची: ट्विन ऑटर, डॉर्नियर २२८, लेट एल-४१०. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी लोक या विमानांत बसतात. २९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेल्या तारा एअरच्या विमानात २२ जण होते, कुणीच वाचलं नाही. मृतांमध्ये ठाण्याचे चौघे होते.

अशा बातमीनंतर पहिला प्रश्न असतो, “विमान जुनं होतं का?” पहिली चूक इथेच होते.

विमानाचं वय बघून निर्धास्त होणं

ते विमान खरंच जुनं होतं, १९७९ सालचं. पण त्याच कंपनीचं, त्याच मार्गावरचं दुसरं ट्विन ऑटर २४ फेब्रुवारी २०१६ रोजी म्याग्दी जिल्ह्यात डोंगरावर आदळलं आणि २३ जण गेले. ते विमान कोरं करकरीत होतं, ताफ्यात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. एक जुनं, एक नवं, आणि दोन्हींचा शेवट सारखाच: चालू स्थितीतलं विमान ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं.

नेपाळच्या दुर्गम भागातल्या अपघातांत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. या धावपट्ट्यांवर उड्डाण नजरेच्या भरवशावर होतं. वैमानिकाला दरी, नदी, खिंड दिसलीच पाहिजे. ढगातून आंधळेपणाने खाली आणणारी यंत्रणा लुक्ला किंवा जोमसोमला नाही. जोमसोमचा रस्ता तर ८,०९१ मीटरच्या अन्नपूर्णा आणि ८,१६७ मीटरच्या धवलागिरी यांच्या मधून, काली गंडकीच्या घळईतून जातो. पोखरा जेमतेम ८२७ मीटरवर आणि जोमसोम २,७३६ मीटरवर. वीसेक मिनिटांच्या प्रवासात एवढी चढाई, आणि दोन्ही बाजूंना भिंती. नेपाळी वैमानिक म्हणतात की आमच्या ढगांत दगड असतात, ते अक्षरशः खरं आहे.

मग डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र काय करतं? ते विमानात असतं. पण अरुंद दरीत कडे कायमच जवळ असतात, त्यामुळे स्वच्छ हवेतही ते सारखं ओरडत राहतं. माणूस अशा आवाजाला सरावतो किंवा तो बंद करतो. २०२२ च्या अपघाताच्या चौकशी अहवालात हे स्पष्ट नोंदवलं आहे की ही इशारा यंत्रणा दाबून ठेवलेली होती, विमान ढगात असताना योग्य मार्ग राखला गेला नाही आणि ते डोंगरावर गेलं. ज्या वेळी त्या आवाजाची खरी गरज होती, नेमकी त्याच वेळी यंत्रणा गप्प होती. म्हणून तिकीट काढताना विमान किती सालचं आहे यापेक्षा ते किती वाजता सुटतं हे आधी विचारा.

उशिराचं विमान घेणं

सकाळी दरी थंड आणि हवा स्थिर असते. ऊन चढलं की उतार तापतात, हवा वर उठते आणि बाष्प असेल तर ढग जमतात. काली गंडकीच्या खोऱ्यात तर साडेनऊ-दहानंतर दक्षिणेकडून जोरदार वारा सुरू होतो आणि दुपारभर वाहत राहतो. जोमसोमची विमानं म्हणूनच सकाळीच उरकतात. धावपट्टी साधारण ७४० मीटरची. वारा मागून लागला की उतरायला लागणारं अंतर झपाट्याने वाढतं, आणि कड्याआडून येणारे उलटसुलट झोत तर विमानाला ऐन उतरताना खाली ढकलतात. तिथे परत फिरणंही सोपं नाही. १४ मे २०१२ रोजी अग्नी एअरच्या डॉर्नियरने जोमसोमला उतरणं सोडून माघारी वळण घेतलं, पंख डोंगराला घासला आणि २१ पैकी १५ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांत भारतीय यात्रेकरू मोठ्या संख्येने होते.

थोडक्यात, पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीचंच तिकीट घ्या. एजंट “कुठलंही विमान, सगळी सारखीच” म्हणाला तर ते ऐकू नका.

आणि हंगामावर फार विसंबू नका. वरचे तीनही अपघात पावसाळ्याबाहेरचे आहेत. हवामान चांगलं आहे की नाही हे महिन्यावरून नव्हे, त्या सकाळच्या दरीवरून ठरतं.

लुक्लाला साधं विमानतळ समजणं

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंचीवर, आणि जवळजवळ १२ टक्के चढाची. म्हणजे एका टोकापासून दुसरं टोक साठ मीटर वर, वीस मजली इमारतीएवढं. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला भिंत आणि तिच्यामागे डोंगर. विमान चढाकडे तोंड करून उतरतं आणि उताराकडे उडतं. शेवटच्या टप्प्यात आल्यावर परत वर जायला जागाच उरत नाही.

या चढाची एक फसगत आहे. चढती पट्टी समोर दिसली की वैमानिकाला आपण गरजेपेक्षा उंचावर आहोत असं वाटतं आणि तो नकळत खाली येतो. त्यात ढगाचा एक तुकडा मध्ये आला की पट्टीच्या काठाखालीच विमान आपटतं. ८ ऑक्टोबर २००८ रोजी यती एअरलाइन्सचं ट्विन ऑटर धुक्यात पट्टीच्या अलीकडे आदळलं. १९ पैकी फक्त कॅप्टन वाचले. २७ मे २०१७ रोजी मालवाहू लेट एल-४१० सुद्धा असंच पट्टीच्या अलीकडे पडलं आणि दोघे वैमानिक गेले.

दुसरी अडचण हवेची. लुक्लाला तापमान १५ अंश असेल तर हवा इतकी विरळ असते, जणू विमान साडेतीन हजार मीटरवर आहे. इंजिन आणि पंख दोघांनाही कमी हवा मिळते. उतरताना वेगाच्या काट्यावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण जमिनीवरचा खरा वेग त्याहून पंधरा-वीस टक्के जास्त असतो. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळपास चाळीस टक्के जादा. वजनाचे नियम कडक का, ते इथे कळतं.

सामानाचं वजन लपवणं

लुक्लाच्या विमानात माणशी साधारण १५ किलो चालतं: १० किलो मोठी बॅग आणि ५ किलो हातातली. आपली मंडळी बूट पायात, दोन जॅकेट अंगावर, खिशात पॉवर बँक आणि सुकामेव्याची पाकिटं भरून काट्यावर उभी राहतात किंवा जास्तीची बॅग ओळखीने आत ढकलतात. एकाने तीन किलो लपवले तर फरक पडत नाही असं वाटतं. १७ जणांनी तेच केलं तर ५० किलो होतात, आणि ते वैमानिकाच्या हिशेबात नसतात.

घरीच वजन करा. खाली येईपर्यंत न लागणारे कपडे काठमांडूच्या हॉटेलात ठेवा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. जादा वजन असेलच तर काउंटरवर सांगून पैसे भरा. जागा नसेल तर बॅग नंतरच्या मालवाहू फेरीने येते, म्हणून औषधं आणि पहिल्या रात्रीचे गरम कपडे हातातल्या बॅगेत हवेत. गॅसची डबडी विमानात नेऊच नका, नामचे बाजारला मिळतात. पॉवर बँक कायम हातातल्या सामानात.

मोकळे दिवस न ठेवणं

या सगळ्यात सर्वांत मोठी चूक हीच. परतीचं काठमांडू-मुंबई विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर प्रवासी काउंटरवर भांडतो, गाइडवर दबाव आणतो, गाइड कंपनीला फोन करतो. शंभर लोकांचा असा दबाव कुठे ना कुठे पोचतोच. “एकदा जाऊन बघू” हा निर्णय त्यातून जन्मतो. वैमानिकाला नाही म्हणणं सोपं जावं, एवढी सोय आपण नक्की करू शकतो.

लुक्लासाठी परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी किमान दोन, जमलं तर तीन दिवस मोकळे ठेवा. जोमसोमसाठी एक-दोन. नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, धुक्यामुळे लुक्लाला दोन हजारांहून जास्त पर्यटक कित्येक दिवस अडकले होते. जुलै २०१८ मध्ये सिमिकोट आणि हिल्सा इथे मानसरोवरहून परतणारे हजारावर भारतीय यात्रेकरू खराब हवामानात अडकले. तुमची फेरी रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी पहिला मान बहुधा त्या दिवशीच्या प्रवाशांचा असतो आणि तुम्ही रांगेच्या शेवटी जाता, हेही धरून चला.

तिकीट नीट वाचा. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मन्थली विमानतळावरून सुटतात. तिथे जायला रात्री एक-दोनला निघून चार-पाच तास गाडी लागते.

रस्त्याचा पर्यायही माहीत असू द्या. पोखरा-बेनी-घासा-जोमसोम हा जीपचा रस्ता आठ-दहा तासांचा. पावसाळ्यात बेनीच्या पुढे दरडी कोसळतात, तेव्हा तोही धोक्याचाच. लुक्लाच्या बाजूला सल्लेरीपर्यंत आणि आता त्याच्याही पुढे जीप जाते, उरलेलं अंतर चालत.

“विमान नाही तर हेलिकॉप्टर”

हेलिकॉप्टर कमी जागेत उतरतं, पण ढगातलं त्यालाही दिसत नाही. ११ जुलै २०२३ रोजी लुक्लाजवळच्या सुर्केहून काठमांडूला येणारं हेलिकॉप्टर लामजुरा परिसरात पडलं आणि सहाही जण गेले. धुक्यामुळे विमानं थांबली असतील तर कंपनीला विचारा की हेलिकॉप्टर आत्ता कुठल्या खिंडीतून जाणार आणि ती दिसते आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचवा आणि थांबा.

विमानात बसल्यावर

पट्टा कमरेच्या हाडावर, घट्ट. बूट पायातच ठेवा. गरम जॅकेट, शिट्टी, फोन आणि पासपोर्ट अंगावर असू द्या, कारण २०२२ च्या विमानाचे अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले होते. उड्डाणाआधी शेपटीजवळचा ‘९एन’पासून सुरू होणारा क्रमांक आणि सुटण्याची वेळ घरी मेसेज करा.